खाजलेली शेवळं आणि खाजलेली कोशिंबीर: कोथरूडमधलं एक प्रकरण

जूनचा दुसरा रविवार, कोथरूडमधलं एक घर. दुपारच्या जेवणात पोळ्या, वरणभात, शेवळाची भाजी आणि काकडीची कोशिंबीर. जेवायला पाच माणसं: आजी, मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि पाहुणा आलेला भाचा. तिसऱ्या घासाला नात रडायला लागली, जिभेच्या टोकाला आणि ओठांना सुया टोचतात म्हणाली. सुनेची जीभ अर्धा तास चुरचुरत राहिली. मुलाने अख्खी वाटी संपवली होती, त्याचा घसा संध्याकाळपर्यंत खवखवत होता. भाच्याला काहीच झालं नाही. आजींना मुतखड्याचा त्रास असल्यामुळे त्यांनी शेवळं घेतलीच नव्हती. त्यांनी वरणभात आणि कोशिंबीर एवढंच खाल्लं, तरी त्यांचेही ओठ चुरचुरले.

आजींचे ओठ हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा धागा आहे. शेवळं खाजली की घरोघरी एकच निदान होतं: "आंबट कमी पडलं." ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. खाज मारायचं ते आंबट भाजीत पडतं, कोशिंबिरीत नाही. ज्या बाईने शेवळाचा घासही घेतला नाही तिला खाज आली, म्हणजे चूक कढईच्या आधी, विळी-सुरीपाशी झालेली असणार.

आधी वनस्पती. शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या, सुरणाच्याच वंशातल्या एका जंगली कंदाचा फुलोरा. शास्त्रीय नाव अ‍ॅमॉर्फोफॅलस कम्युटेटस. सह्याद्रीत वळवाचे पाऊस पडले की पान यायच्या आधी जमिनीतून थेट हा फुलोरा वर येतो, टोकदार, गुंडाळलेला, तपकिरी-जांभळट. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, फार तर तीन-चार आठवडे तो मिळतो. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत त्याचे ढीग लागतात. पुण्यात तो मुळशी-मावळच्या बाजूने येणाऱ्या बायकांकडे थोडाथोडका दिसतो आणि ज्यांची मुळं कोकणात आहेत ती घरं तो हेरून घेतात. हे घरही मूळचं पेणचं.

शंका पहिली: चुकीची वनस्पती तर आली नाही? ही शंका नेहमी आधी घ्यावी, कारण त्याच दिवसांत, त्याच उतारांवर सापकांदेही वर येतात. सापकांद्याचा देठ बारीक, फुलाचं आवरण पांढरं किंवा हिरवट आणि वर नागाच्या फण्यासारखं वाकलेलं. काही जातींत त्यातून चाबकासारखी लांब शेपटी बाहेर पडते. शेवळाचं आवरण जाड, मांसल, जांभळट-तपकिरी. आत एकच सरळ दांडा, वरचा भाग गुळगुळीत आणि गडद. इथे तीन जुड्या होत्या, प्रत्येकीत नऊ, एकूण सत्तावीस शेवळं. सुनेने साफ करायच्या आधी ताटात मांडून त्यांचा फोटो काढला होता. सगळी एकाच जातीची, सगळी मिटलेली, वीतभर लांब. ही शंका इथेच मिटली. खात्री नसेल तेव्हा एकदोन नग उभे चिरून आतली रचना बघावी. आणि मिश्र जुडी आली तर "एवढंसं काय" म्हणून पुढे जाऊ नये, ती अख्खी बाजूला ठेवावी.

आता साफसफाई. सुनेने शेवळं पहिल्यांदाच केली होती. माहिती घेतली ती पेणच्या आत्यांकडून, फोनवर. आत्या म्हणाल्या होत्या, "अगं, आतलं खालचं काढून टाक हो, ते खाजरं असतं." सुनेने काढलंही. पण "खालचं" म्हणजे कुठपर्यंत, हे फोनवर कळलं नाही. चूक नेमकी इथे आहे, म्हणून एक शेवळ सावकाश उघडून बघू.

बाहेरची एक-दोन पापुद्र्यांसारखी पानं काढली की जाड आवरण राहतं. ते उभं चिरून उलगडलं की आत दांडा दिसतो. दांड्याचे तीन भाग पडतात. अगदी तळाशी बारीक गाठींसारखा पट्टा, ती मादी फुलं. त्याच्या वर पिवळसर, दाटीवाटीने बसलेल्या दाण्यांचा पट्टा, कोवळ्या मक्याच्या कणसासारखा. ती नर फुलं. आणि त्याच्या वर टोकापर्यंत गुळगुळीत, गडद जांभळा भाग, त्याच्यावर दाणा नाही. भाजीला घ्यायचा तो हा वरचा भाग. आवरण कोवळं असेल तर त्याचाही वरचा अर्धा काही घरी घेतात. आवरणाचा खालचा फुगीर भाग फुलांना वेढून असतो, त्याला दाणे चिकटलेले असतात, तो टाकूनच द्यायचा.

सुनेने तळाचा पट्टा काढला, साधारण दोन बोटं. वरचे पिवळे दाणे दिसायला कोवळे, मक्यासारखे, म्हणून ते खाण्याचेच समजून राहू दिले. सत्तावीसही शेवळांचे. दुसऱ्या दिवशी आत्यांनी पुन्हा फोनवर खोदून विचारलं, "पिवळं सगळं काढलंस ना? एक दाणाही ठेवायचा नाही त्यातला," तेव्हा हे लक्षात आलं.

या पिवळ्या पट्ट्यातच खाज एवढी का? अळू-सुरणाच्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते काड्यांच्या जुडीसारखे खास पेशींमध्ये भरलेले असतात. चावताना पेशी फुटते आणि सुया जिभेत, ओठात, घशाच्या नाजूक त्वचेत घुसतात. सुईने केलेल्या बारीक जखमेतून वनस्पतीतली दाहक प्रथिनं आत शिरतात, म्हणून नुसतं टोचत नाही, जळजळतं आणि सूज येते. शेवळाच्या इतर भागांतही सुया आहेतच, पण पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांनी पिवळे दाणे टाकायला सांगितलं आहे, ते हाच भाग सगळ्यात जास्त झोंबतो म्हणून. शिवाय हे दाणे सुटतात. सुरी लागली की कुस्करून चिकट, पिवळसर पूड होते, ती पाटाला, सुरीला, बोटांना, नखांत बसते.

आजींच्या ओठांचा उलगडा इथे होतो. शेवळं लाकडी पाटावर चिरली. पाट नळाखाली नुसता धरला, घासला नाही. त्याच पाटावर त्याच सुरीने दोन काकड्या चोचवल्या. पाटाच्या जुन्या चिरांमधली पूड काकडीत गेली. कोशिंबिरीत अर्ध्या लिंबाचा रस होता, मग आंबटाने काम का केलं नाही? कारण तो रस दोन काकड्यांच्या सुटलेल्या पाण्यात विरला आणि जेवण दहा मिनिटांत वाढलं गेलं. शिवाय त्या पुडीला आचेचा स्पर्शही झालेला नव्हता. कच्च्या दाण्याची एक चिमूट शिजलेल्या भाजीच्या अख्ख्या घासापेक्षा जास्त झोंबते.

भाचा सुटला तो नशिबाने नाही. त्याने भाजीतली डाळ आणि रस्सा भातावर घेतला, फोडी बाजूला सारल्या. सुया फोडीत असतात आणि पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे रश्शात त्या फार उतरत नाहीत. शेवळं "उकडून पाणी टाकून दिलं की झालं" हा समज त्याच कारणाने अर्धवट आहे. पाण्यात विरघळणारं ऑक्झलेट त्या पाण्याबरोबर जातं, सुया मात्र फोडीतच राहतात.

आता आंबट. शेवळाबरोबर काकड घालायचं, ही कोकणातली जोडी आहे. काकड म्हणजे गरुगा पिनाटा या झाडाची फळं, हिरवी, गोल, लहान आवळ्याएवढी, आंबट आणि तुरट. ती शेवळांच्याच दिवसांत येतात आणि कोकणात विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडं देतेच. पुण्यात ही जोडी वारंवार तुटते. इथेही तुटली. विकणाऱ्या मावशींनी सांगितलं, "काकडं नाय आली अजून ताई. चिच घाला बक्कळ." सुनेने चिंच घातली, लिंबाएवढी, तीही कोळ करून, कुकर उघडल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत. चवीला भाजी आंबटगोड छान लागली. खाज कमी करायला त्या चिंचेचा काहीएक उपयोग झाला नाही.

चिंच चवीसाठी घालणं आणि खाज मारण्यासाठी घालणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचं प्रमाण वेगळं, वेळही वेगळी. खाजेसाठी आंबट कच्च्या, बारीक चिरलेल्या फोडींना आधी लागलं पाहिजे, दाट लागलं पाहिजे आणि मुरायला वेळ मिळाला पाहिजे. अळूच्या वड्यांना पान भिजेल इतका चिंचेचा कोळ लावतात, सुरणाच्या फोडी चिंचेच्या किंवा आमसुलाच्या पाण्यात ठेवतात, तीच रीत. तयार भाजीत ओतलेला कोळ फोडीच्या बाहेरच राहतो.

शिजवण्यातही तसंच. फोडी बोटाच्या पेराएवढ्या जाड होत्या, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर कुकरला तीन शिट्ट्या. कुकरमधली आच स्फटिकांना काही करू शकत नाही. ते घरच्या कुठल्याच आचेला वितळत नाहीत. आच निकामी करते ती प्रथिनं, आणि त्यासाठी फोड बारीक हवी, वेळ हवा. म्हणून जुन्या रीतीत शेवळं खिम्यासारखी बारीक चिरून, हात सोडून तेल घालून, आळून काळपट होईपर्यंत परततात. पाणी घालून झटपट शिजवण्याची भाजी ही नव्हेच. कुकरने अर्धा तास वाचला आणि जेवण वाया गेलं.

म्हणजे चुका चार झाल्या, पण त्यांचं वजन सारखं नाही. पिवळे दाणे निघाले असते तर बाकी तिन्ही चुका होऊनही फार तर घसा थोडा खवखवला असता. आणि दाणे ठेवून चिंच, तेल, वेळ सगळं नीट केलं असतं तरी नात रडलीच असती, असं आमचं मत आहे.

त्या दिवशी घरात जे केलं त्यातलं बरंचसं बरोबर होतं. नातीला चूळ भरायला लावली, मग गार दूध घोटघोट दिलं. दह्याने किंवा बर्फाचा खडा चोखल्यानेही आराम पडतो. मुलगा मीठपाणी पिऊन उलटी काढायच्या विचारात होता, सुनेने थांबवलं, ते चांगलं झालं. उलटीबरोबर तेच सगळं घशाला दुसऱ्यांदा लागतं. बहुतेकदा ही चुरचुर काही तासांत आपोआप उतरते. पण जीभ किंवा ओठ सुजायला लागले, आवाज बसला, लाळ गिळता येईना, श्वासाला अडथळा वाटला, तर दूध-दही करत बसू नये. लगेच १०८ ला फोन करावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं. लहान मुलांच्या बाबतीत तासभर त्यांच्याजवळ बसून लक्ष ठेवावं, कारण सूज त्यांना सांगता येत नाही. डोळ्याला हात लागला असेल तर डोळा भरपूर वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावा. आणि ज्यांना मुतखडा होतो किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी शेवळं कितीही नीट केली तरी टाळावीत. आजींचं पथ्य योग्यच होतं.

पुढच्या रविवारी त्याच घरी शेवळं पुन्हा केली. नात आधी स्वयंपाकघरात यायलाच तयार नव्हती. या वेळी दोन जुड्या, अठरा नग, त्याच मावशींकडून. काकडं पेणहून आली, वीस-बावीस. घेतानाच एक गोष्ट पाळली: सगळे नग घट्ट मिटलेले निवडले. उघडलेल्या शेवळाला कुजकट वास येतो (त्या वासानेच किडे परागीकरणाला येतात) आणि त्याचे पराग सुटलेले असतात.

हाताला खोबरेल लावलं, मनगटापर्यंत. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, पाट घेतलाच नाही. एकेक शेवळ उलगडून पिवळा पट्टा संपतो त्याच्याही अर्धा बोट वर कापलं. वरचा भाग ओल्या फडक्याने पुसला, म्हणजे चिकटलेला दाणा निघतो. दाणे, फुगीर बूड, फडकं, सगळं त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर टाकलं. मग सुरी साबणाने घासून, हात पुन्हा तेल लावून आणि साबणाने धुऊन, चिरायला बसले. आधी चकत्या, मग त्या एकत्र करून अगदी बारीक. अठरा शेवळांचे साधारण दोन वाट्या झाले.

पन्नास ग्रॅम चिंच दीड वाटी कोमट पाण्यात कोळून तो दाट कोळ चिरलेल्या शेवळाला चोळला आणि अर्धा तास ठेवला. मग घट्ट पिळून ते पाणी ओतून दिलं. हे पाणी रश्श्यात वापरण्याचा मोह होतो, वापरू नये. तोवर काकडं ठेचून, वाटीभर पाण्यात दहा मिनिटं उकळून, कुस्करून गाळून घेतली. बिया आणि चोथा गाळणीत राहतो, खाली हिरवट, आंबट-तुरट रस येतो.

लोखंडी कढईत सहा मोठे चमचे तेल, त्यात पिळलेली शेवळं, मध्यम आच. पहिली पाचेक मिनिटं ती ओलसर राहतात, मग आळायला लागतात, रंग काळपट होतो, कडांना तेल सुटतं. याला पंधरा मिनिटं लागली. इथे घाई करायची नाही. मग बारीक चिरलेला कांदा, आलं-लसूण, तिखट, हळद, गोडा मसाला. कांदा शिजल्यावर काकडाचा रस घालून झाकण ठेवून आणखी दहा मिनिटं. शेवटी वेगळे शिजवलेले सोललेले कडवे वाल, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण, मीठ. मांसाहारी घरांत याच टप्प्याला भिजवलेले सोडे किंवा कोलंबी पडते, आणि ती फार छान लागते. इथे आजींसाठी स्वयंपाक शाकाहारी होता.

वाढण्याआधी चाचणी. घरातल्या एका मोठ्या माणसाने फोडीचा तांदळाएवढा तुकडा जिभेच्या टोकावर ठेवला, चावला, गिळला नाही, आणि दहा मिनिटं घड्याळ लावून थांबलं. दहा मिनिटं एवढ्यासाठी की चुरचुर काही वेळा उशिरा वर येते. दोन मिनिटांत "काही नाही" म्हणून वाढणारे फसतात. हलकी जरी चुरचुर जाणवली असती तर आणखी काकडाचा रस घालून पुन्हा पंधरा मिनिटं मंद आचेवर ठेवायचं ठरलं होतं. लागलं नाही. चौघांनी खाल्ली, नातीनेही एक घास घेतला. कुणालाही त्रास झाला नाही.

एक मुद्दा तोडणीचा, कारण पुण्यातले बरेच जण पहिल्या पावसात मुळशी-मावळला फिरायला जातात आणि आता स्वतः खुडूनही आणतात. शेवळ जमिनीलगत सुरीने कापावं, ओढू नये. ओढलं की कंद हलतो किंवा तुटतो. फुलोऱ्यानंतर याच कंदातून एक मोठं, विभागलेलं पान वर येतं आणि पावसाळाभर पुढच्या वर्षीची शिदोरी कंदात भरतं. फुलोरा कापल्याने कंद मरत नाही, पण त्या वर्षी त्याला फळ आणि बी धरत नाही. म्हणून एका ठिकाणचे सगळे कधीच घेऊ नयेत. निम्म्याहून अधिक मागे ठेवावेत आणि उघडलेल्यांना हात लावू नये, ते तसेही खाण्याच्या कामाचे नाहीत आणि बी त्यांनाच धरणार असतं. ही वनस्पती फक्त भारतात, मुख्यतः सह्याद्रीतच सापडते, हे डोक्यात असू द्यावं. ताम्हिणीसारख्या अभयारण्यात काहीही खुडायला मनाई आहे. बाहेरच्या वनजमिनीवरही गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क वनहक्क कायदा २००६ नुसार तिथल्या वनवासी लोकांना आहे, शहरातून गाडी घेऊन आलेल्यांना नाही. शेवळं ओळखता येत असली तरी मावशींकडून विकत घेणंच बरं. त्यांनी दिलेल्या जुडीत चुकीचा नग क्वचित येतो, कारण त्यांच्या घरातही तीच भाजी शिजते.

राहिला काकडाचा प्रश्न. या घराने पुढच्या वर्षासाठी तो असा सोडवला आहे: पेणहून दोन किलो काकडं मागवून, ठेचून, उकळून, गाळून त्यांचा दाट रस बर्फाच्या साच्यात गोठवला आणि वड्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकल्या. दोन जुड्यांना पाच-सहा वड्या, पिशवीवर तसं लिहून ठेवलं आहे. खाली आणखी एक ओळ आहे, नातीच्या अक्षरात: "पिवळं सगळं काढायचं."